नाथसागराचा काठ : चालण्यास अडचण असलेल्या मुलांसह अभ्याससहल

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत समुद्राचा पाठ बहुधा नकाशावरूनच शिकविला जातो. मुंबईचा समुद्र येथून रस्त्याने ३०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि चौथी-पाचवीतील कित्येक मुलांनी तो पाहिलेला नसतो. परंतु क्षितिजाला टेकलेले पाणी, वाऱ्याबरोबर काठावर येणाऱ्या लाटा, मासेमारांच्या होड्या व दूरदेशीचे पक्षी हे सारे दाखविण्याची सोय जिल्ह्यातच आहे. पैठणचा नाथसागर हे ते स्थळ होय. शाळांच्या सहली तेथे जातात. वर्गातील एखादे मूल मात्र त्या दिवशी घरी राहते, कारण त्याला चालता येत नाही किंवा फार थोडे चालता येते. "कशाला त्रास, गुरुजी, राहू द्या तिला," असे पालकच म्हणतात, आणि शिक्षकासही मनातून सुटल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी वर्गात सहलीवर निबंध लिहावयास सांगितला जातो. त्या मुलाने काय लिहावे?

हा पाठ योजताना शिक्षकाने प्रश्नच बदलून घ्यावा. "हे मूल येऊ शकेल काय?" असे न विचारता "कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात व किती वेळात सर्व वर्ग पाण्यापर्यंत पोहोचेल?" असे विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने दिले जाते. दुसऱ्याचे उत्तर मोजून काढता येते, आणि ते मोजण्याचे काम पाचवी-सहावीची मुले उत्तम करतात.

प्रथम स्थळाची माहिती द्यावी. गोदावरीवरील जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली, व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जायकवाडी हे मूळ गाव बीड जिल्ह्यातील. धरणाची प्रथम योजना तेथे होती. जागा बदलून पैठणास आली, तरी नाव तेच राहिले, याची मुलांना मोठी गंमत वाटते. धरण मातीचे असून त्याची लांबी सुमारे १० किलोमीटर आहे आणि त्यास २७ दरवाजे आहेत. जलाशय सुमारे ५५ किलोमीटर लांब पसरला असून त्याचे पाणी अहिल्यानगर जिल्ह्यातही गेले आहे. शंभरांहून अधिक गावे या पाण्याने बाधित झाली, हेही सांगावे; वर्गात एखाद्या मुलाचे आजोबा त्यांपैकी एखाद्या गावचे निघतात व मग पाठ पुस्तकाबाहेर पडतो. संभाजीनगर शहरास पिण्याचे पाणी येथूनच, फारोळा येथील शुद्धीकरण केंद्रातून येते.

आता मुख्य गोष्ट. नाथसागर विस्ताराने मोठा पण उथळ आहे. त्यामुळे त्याचा काठ एका जागी राहत नाही. पावसाळ्याअखेर पाणी भरलेले असते; पुढे ते जसजसे उतरते तसतसा काठ मागे सरकतो आणि मधली काळी जमीन उघडी पडते. काही ठिकाणी शेतकरी तीत गाळपेर करतात. ऑक्टोबरात जेथे रस्त्यावरून पाण्यात खडा टाकता येतो, तेथे मे महिन्यात पाणी गाठावयास बरेच अंतर तुडवावे लागते, आणि ते अंतर भेगाळलेल्या रानातून असते. ओली असता हीच माती चाकास व कुबडीच्या टोकास अशी चिकटते की धडधाकट माणूसही तेथे रुततो. म्हणून गेल्या वर्षीच्या सहलीत सोयीची ठरलेली जागा यंदाही सोयीची असेल असे धरून चालू नये. पक्का रस्ता वा मुरमाची वाट पाण्यापासून किती जवळ येऊन थांबते, ते सहलीपूर्वी आठ-दहा दिवस शिक्षकाने स्वतः जाऊन पाहावे. डिसेंबर व जानेवारी हे महिने एकंदरीत उत्तम. ऊन सोसवते, पुष्कळशी माती वाळलेली असते, आणि हिवाळी पक्षी आलेले असतात.

शिक्षकाने पाहणीस जाताना मोजपट्टी, १२० सेंटिमीटर लांबीची एक सरळ फळी व गवंड्याची पाणसळ बरोबर न्यावी. उतारावर फळीचे वरचे टोक जमिनीस टेकवावे, दुसरे टोक उचलून पाणसळीने फळी समतल करावी आणि त्या टोकाखालची पोकळी मोजावी. पोकळी १० सेंटिमीटर भरली तर उतार बारास एक झाला. चाकांच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उतारवाटेला, म्हणजे शाळेतील रॅम्पला, हेच प्रमाण धरतात. पोकळी १५ किंवा २० सेंटिमीटर निघाल्यास ती वाट खुर्ची एकट्याने चालविणाऱ्या मुलासाठी नव्हे. तेथे मागे धरणारा मोठा माणूस हवा, आणि उतरताना त्याने खुर्ची उलटी, पाठीकडून खाली न्यावी. हेच माप आधी शाळेच्या स्वतःच्या रॅम्पवर मुलांकडून घ्यावे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या परिशिष्टात शाळेची इमारत अडथळाविरहित असावी असे सांगितले आहे. आपल्या शाळेचा रॅम्प त्या कसोटीस कितपत उतरतो हे वर्गासमोर उघड झाले तर त्यात वाईट काही नाही.

गणिताच्या तासास येथे भरपूर उदाहरणे मिळतात. १५ सेंटिमीटर उंचीच्या ३ पायऱ्या आहेत. बारास एक या उताराने त्यांऐवजी वाट करावयाची तर ती किती लांब होईल? ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० सेंटिमीटर. दोन ढांगांत चढावयाच्या पायऱ्यांसाठी साडेपाच मीटर जागा लागते, हे उत्तर पाहून मुले प्रथम चुकले असे समजून पुन्हा गुणाकार करतात.

विज्ञानाचा प्रयोगही सोपा आहे. परातीत चाळलेली राख किंवा बारीक कोरडी माती पसरावी. तीवर वीट प्रथम आडवी व मग उभी ठेवावी. वजन तेच, पण उभी वीट अधिक रुतते, कारण तेच वजन लहान जागेवर पडते. यावरून अरुंद चाकांची खुर्ची वाळूत का अडते ते मुले सांगू शकतील. विशेषतः पुढची लहान चाके आधी रुततात, म्हणून मऊ जमिनीवर खुर्ची किंचित मागे कलवून किंवा उलटी ओढून नेतात. नंतर मातीवर एक पाट ठेवून त्यावर तीच वीट उभी करावी. आता ती रुतत नाही. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर २०२२ साली हेच तत्त्व वापरून वाळूवर अडीचशे मीटरांहून अधिक लांब लाकडी वाट पाण्याच्या दिशेने बांधली गेली व चाकांच्या खुर्चीवरील माणसे लाटांच्या जवळ गेली. पुढच्याच महिन्यात आलेल्या चक्रीवादळाने तिची मोडतोड झाली. किनाऱ्यावर बांधलेली वस्तू वारंवार दुरुस्त करावी लागते, हाही भूगोलाचाच धडा होय.

पाण्याजवळ पोहोचणे म्हणजे पाणी दिसणे नव्हे. खुर्चीत बसलेल्या लहान मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीवर असतात. तेवढ्याच उंचीचा कठडा समोर असला तर उभ्या मुलांना सारा जलाशय दिसतो आणि त्या मुलाला दगड. पाहणीच्या वेळी शिक्षकाने एखाद्या खुर्चीवर बसून स्वतः पाहावे. उभ्याने केलेली पाहणी येथे निरुपयोगी आहे. धरणाच्या भिंतीवर जावयाचे असल्यास जलसंपदा विभागाची परवानगी आगाऊ मिळवावी. पैठणचे गोदाकाठचे घाट सुंदर आहेत, परंतु ते पायऱ्यांचे आहेत. तेथे वरूनच दर्शन घडेल असे समजून बेत करावा.

नाथसागर परिसर १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. रोहित, चक्रवाक, नाना जातींची बदके येथे हिवाळ्यात दिसतात. पक्षी पाहण्याचे काम धावणाऱ्या मुलांच्या टोळीकडून होत नाही. टोळी पोहोचेपर्यंत थवा उडालेला असतो. तास-अर्धा तास एका जागी बसून मोजदाद करणारा निरीक्षक लागतो. ही कामगिरी खुर्चीवरील मुलाकडे केवळ समाधानासाठी देऊ नये. त्याला वहीत नोंद करावयास आधी शिकवावे व त्याची नोंद वर्गाने प्रमाण मानावी.

काही सूचना अगदी साध्या आहेत, पण त्या विसरल्याने सहल बिघडते. सर्वांत मोठी अडचण उताराची नसून शौचालयाची असते. दार अरुंद असल्यास खुर्ची आत जात नाही. साधारण खुर्ची ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते, तेव्हा दाराचे मापही पाहणीतच घ्यावे. सोय नाही हे ठाऊक असलेले मूल, विशेषतः मुलगी, सकाळपासून पाणीच पीत नाही, आणि दुपारी तिला उन्हाचा त्रास होतो. कॅलिपरचे लोखंड व खुर्चीचे कडे उन्हात तापतात. सावलीची जागा हेरून ठेवावी. काठावर खुर्ची पाण्याकडे तोंड करून उतारावर उभी करू नये. काठास समांतर उभी करून ब्रेक लावावा.

बसच्या पायऱ्या उंच असल्याने मुलास उचलावे लागते. कसे उचलावे हे प्रथम त्या मुलासच विचारावे. जुन्या पिढीच्या शिक्षकांच्या डोळ्यांपुढे पोलिओने बारीक झालेला पाय असतो. भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला, आणि आजच्या वर्गात निरनिराळ्या कारणांनी चालू न शकणारी मुले आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. स्नायू क्षीण होण्याचा आजार असलेल्या मुलास काखेत हात घालून उचलणे धोक्याचे, कारण त्याचे खांदे भार धरीत नाहीत व ते हातांतून निसटते. पालक व गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक यांचा सल्ला याबाबत अवश्य घ्यावा.

वेरूळ, अजिंठा व दौलताबाद येथील सहलींनाही हीच रीत लागू पडते. वेरूळचे कैलास लेणे, म्हणजे क्रमांक १६, मुलांना प्रथम दाखवावे, कारण त्याचे प्रांगण जमिनीच्या पातळीवर आहे. वरून पाहण्याची डोंगरवाट मात्र चढाची आहे. दौलताबादेस चांदमिनार खालूनच पाहता येतो, अंधारी व त्यापुढचा चढ सोडून द्यावा. अजिंठ्यास पायऱ्या पुष्कळ असून तेथे डोलीवाले मिळतात. डोली उपयोगी खरी, पण अकरा-बारा वर्षांच्या मुलास सर्वांच्या देखत उचलून नेलेले आवडेलच असे नाही; त्याने नको म्हटल्यास आग्रह करू नये, व पायथ्याशी वाघूरच्या काठी त्याच्यासोबत दोन-तीन सोबती राहतील अशी योजना आधीच असावी.

सहलीनंतर वर्गाने वाटेचा नकाशा काढावा. त्यात नेहमीच्या खुणांबरोबर चढ कोठे, पायरी कोठे, मऊ माती कोठे, सावली व पाणी कोठे आणि कोणत्या जागेवरून बसून जलाशय दिसतो, हे मापांसह दाखवावे. नकाशावर तारीख घालण्यास विसरू नये. तो शाळेच्या दप्तरात ठेवून पुढील वर्षीच्या वर्गास द्यावा. त्या वर्गाने नव्याने मोजून काठ किती सरकला ते त्याच कागदावर वेगळ्या रंगाने नोंदवावे.