कुलूप शाबूत, कोयंडा उखडलेला

वर्ध्यातलं आमचं घर फुटलं तेव्हा सात लिव्हरचं कुलूप ओट्यावर पडलेलं होतं. बंदच, त्यावर एक ओरखडा नाही. सोबत कोयंडा होता, चारही स्क्रूंसकट दारातून उपटलेला. आम्ही सगळे लग्नाला नागपूरला गेलो होतो. आईच्या पाटल्या गेल्या, त्या परत दिसल्या नाहीत. तेव्हापासून जवळच्या कोणी घर बांधलं की मी आधी दाराला हात लावून बघते आणि सांगते, कुलपाची किंमत विचारण्याआधी ते कशात अडकणार आहे ते पाहा.

अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपं बनवायला घेतली, त्यामुळे चांगल्या कुलपाची आपल्याकडे वाण नाही. लिव्हर जास्त असले की दुसऱ्या किल्लीने कुलूप उघडणं अवघड होतं, हेही खरं. पण सब्बल घेऊन आलेला माणूस किल्लीच्या नादी कशाला लागेल? तो कोयंड्यात सब्बल घालून रेटा देतो, आणि इंचभराचे स्क्रू लाकूड सोडतात. म्हणून कडी-कोयंडा आरपार बोल्टने बसवा, गोल डोकं बाहेर आणि नट आत. कुलपाची कडी जाड पोलादाची हवी, आणि कुलपाबाहेर जितकी कमी दिसेल तितकी बरी, म्हणजे कटरला धरायला जागा उरत नाही.

त्याहून बरं म्हणजे बाहेर कुलूप दिसूच नये. लटकतं कुलूप घरात कोणी नाही हे अख्ख्या गल्लीला सांगतं. दाराच्या जाडीत बसणारं मॉर्टिस लॉक घ्या. मात्र दार नुसतं ओढून लागणारी तिरकी जीभ पातळ पट्टीने मागे सरकवता येते, तेव्हा निघताना किल्ली फिरवून चौकोनी बोल्ट पुरता बाहेर आलाच पाहिजे. तो ज्या पट्टीत शिरतो तिचे स्क्रू दोन-अडीच इंची लावून घ्या. सुतार काम करत असताना समोर उभ्या राहा, कारण पेटीतले आखूड स्क्रू आधी हाताला लागतात. आतून दार किल्लीशिवाय उघडलं पाहिजे, यात तडजोड नको. आग लागली तर धुरात किल्ली शोधणं जिवावर बेतेल.

आपल्याकडचं ऊन-पाणी दारालाही बाधतं. मे महिन्यात लाकूड आकसतं, श्रावणात फुगतं, बोल्ट खाचेत नीट जात नाही आणि घाईत माणूस अर्धवट लावूनच निघतो. पावसाळा लागला की एकदा तपासा, खाच थोडी तासून घ्या.

आणि कूलरची खिडकी! कूलर बसवायला गज कापलेले असतात. कूलर आत ढकलला की माणूस शिरेल एवढी वाट मोकळी. त्याला बाहेरून लोखंडी पिंजरा करून भिंतीत पक्का बसवा. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला जाताना खालची सगळी दारं लावलेली असू द्या, मोरीकडचंसुद्धा.

एवढं करूनही घर फुटलेलं दिसलं, तर आत जाऊ नका, कडीलाही हात लावू नका, नाहीतर ठसे बिघडतात. ११२ वर फोन करा. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.