लांब काठीचा ब्रश कसा निवडावा?

बुटांची माती झाडायला एक ब्रश आणि चमक आणायला दुसरा, हे आपल्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण त्यांची अदलाबदल झाली तर इन्स्पेक्शनच्या वेळी उत्तर द्यावे लागते. इमारतीच्या काचा धुणाऱ्या लांब काठीच्या ब्रशांचेही तसेच आहे, हे मला मे महिन्याच्या सुट्टीत चेन्नईला समजले. माझे काका गिंडी भागातल्या एका चार मजली कार्यालयाची देखभाल पाहतात. तिथे काही दिवस सकाळी मी काचा धुण्याचे काम पाहिले, थोडा हातभार लावला आणि वहीत नोंदी केल्या. हा लेख त्या नोंदींवरून लिहिला आहे.

काम कसे चालते?

काठीचे भाग एकातून एक बाहेर सरकतात. आतून पाण्याची नळी जाते. टोकाला ब्रश असतो आणि त्यात बारीक तोट्या असतात. माणूस जमिनीवर उभा राहून वरची काच घासतो. ब्रश मळ सोडवतो, पाणी तो वाहून नेते. काच फडक्याने पुसत नाहीत, तशीच वाळू देतात.

म्हणून पाणी फार शुद्ध लागते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण टीडीएस मीटरने मोजतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार भारतीय मानकाप्रमाणे चालतात. पण असे पाणी काचेवर वाळले की क्षार मागे उरतात आणि पांढरे डाग पडतात. या कामासाठी मीटरवरचा आकडा शून्याच्या जवळ, फार तर १० पर्यंत असावा. पाणी खारट असेल तर कितीही चांगला ब्रश घेतला तरी उपयोग नाही.

पहिला प्रश्न : मळ कोणता?

गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ सालची आहे. वाहनांची वर्दळ मोठी आणि समुद्रही फार लांब नाही. त्यामुळे काचेवर धूळ, धुराची काजळी आणि खारा थर असे तिन्ही बसते. खारा थर पाण्यात विरघळतो. त्याला मऊ नायलॉनचा ब्रश आणि भरपूर पाणी पुरते. काजळी चिकट असते, तिला जरा ताठ केस लागतात. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा किंवा झाडाचा चीक असेल तर डुकराच्या राठ केसांचा ब्रश चांगला घासतो. मात्र तो भिजल्यावर जड होतो आणि नायलॉनपेक्षा लवकर झिजतो. काही ब्रशांत दोन्ही प्रकारचे केस एकत्र बसवलेले असतात.

केसांची टोकेही पाहावीत. टोके चिरलेली असतील तर ब्रश मऊ लागतो आणि पाणी धरून ठेवतो. टोके अखंड असतील तर ब्रश काचेवर सहज सरकतो.

दुसरा प्रश्न : काच कशी आहे?

काचेवर पाणी सोडून पाहावे. काही काचांवर ते चादरीसारखे पसरते. तिथे पेन्सिलीसारखी सरळ धार पुरते. काही काचांवर अळूच्या पानावर उभे राहावेत तसे थेंब राहतात. तिथे पंख्यासारखी पसरट धार देणाऱ्या तोट्या बऱ्या, नाहीतर थेंबांबरोबर मळही जागीच वाळतो.

तिसरा प्रश्न : वजन किती?

काम करणाऱ्यांपैकी सर्वांत अनुभवी अण्णा पूर्वी दोरावर लटकून काचा धूत असत. मी त्यांना हिंदीत विचारले, “अण्णा, मोठा ब्रश घेतला तर काम लवकर नाही का होणार?” ते काही बोलले नाहीत, काठी माझ्या हातात दिली. दोन खिडक्यांनंतर माझे खांदे भरून आले. मग ते म्हणाले, “आता दिवसभराचा हिशेब कर.”

मी तो खरोखरच केला. १० मीटरची काठी जमिनीशी ६० अंशांचा कोन करून धरली, तर तिचे टोक आपल्यापासून आडव्या दिशेने ५ मीटर लांब असते. टोकाला २०० ग्रॅम वजन वाढले, तर ५ ने गुणून १ मीटरवर १ किलो पेलण्याइतका जोर वाढतो. काठी सावरणारा हात अर्ध्या मीटरवर असेल तर त्याला हा फरक २ किलोसारखा जाणवतो. तरफेचा हा नियम आपण भौतिकशास्त्रात शिकतोच. तिथे आधी एक रुंद ब्रश आणला होता. त्याने काही दिवसांतच दोघांचे खांदे धरले आणि तो खालच्या मजल्यापुरता ठेवला गेला. म्हणून खाली रुंद ब्रश चालेल, पण जितके उंच जावे तितका ब्रश अरुंद आणि हलका असावा.

चौथा प्रश्न : पाणी किती लागेल?

मिनिटाला साधारण एक ते दोन लिटर पाणी जाते. शिवाय आरओ यंत्रातून शुद्ध पाणी काढताना बरेच पाणी बाजूला पडते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपल्या घरांत सर्वांना आठवत असेल. जुलै २०१९ मध्ये चेन्नईलाही जोलारपेटहून रेल्वेने पाणी आणले गेले. अशा शहरात दोन फेऱ्यांत काच साफ करणारा ब्रश चार फेऱ्या मारणाऱ्यापेक्षा खरा स्वस्त, मग त्याची किंमत थोडी जास्त का असेना. काका बाजूला पडलेले पाणी फरशी धुण्यासाठी वापरतात.

निगा आणि सुरक्षा

काम संपल्यावर ब्रश स्वच्छ पाण्याने धुवावा. केसांत वाळूचा एक कण अडकला तरी काचेवर ओरखडा उठतो. ब्रश केसांवर उभा ठेवू नये, केस वाकतात. साबण लावू नये, त्याचा थर काचेवर राहतो.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे काठी उभी करण्याआधी वर पाहावे. कार्बन फायबरच्या काठीतून वीज वाहते, आणि हातात ओली काठी असताना जवळ विजेची तार असली तर प्राणाशी गाठ आहे. अण्णा रोज इमारतीभोवती एक फेरी मारून तारा पाहत आणि मगच नळ उघडत.

या काठीने साधारण चार-पाच मजल्यांपर्यंतच काम होते. त्याहून उंच इमारतींवर आजही माणसे दोरावर किंवा झुल्यावर उतरतात. पण जिथे काठी पोहोचते तिथे माणसाला वर लटकावण्याचे कारण उरत नाही. मात्र त्यासाठी ब्रश असा हवा, की तो धरणाऱ्याला संध्याकाळी हात वर करता आला पाहिजे. ब्रश विकत घेणाऱ्याने तो एकदा स्वतः तासभर धरून पाहावा, असे मला वाटते.