आधी तबकडी, मग यंत्र

घरात लग्नाच्या चित्रफितीची तबकडी आहे. नातवंडांना ती दाखवायची आहे. पण यंत्र बिघडले. घाटकोपरच्या बाजारात जुने यंत्र स्वस्तात मिळते. लगेच घ्यावे का? थांबा. आधी तबकडीवरची अक्षरे वाचा.

सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे. तिन्ही १२ सेंटिमीटर रुंद. दिसायला बहिणी-बहिणी! पण खुणा वेगळ्या. सीडीच्या खुणा मोठ्या, डीव्हीडीच्या बारीक, ब्लू-रेच्या त्याहून बारीक. यंत्र प्रकाशाच्या किरणाने त्या वाचते. म्हणून नुसत्या व्हीसीडीच्या यंत्रावर डीव्हीडी चालत नाही. डीव्हीडीच्या यंत्रावर ब्लू-रे चालत नाही.

विकतच्या डीव्हीडीवर देशाचा आकडाही असतो. भारताचा ५, अमेरिकेचा १. भाच्याने अमेरिकेहून धाडलेली तबकडी इथल्या यंत्रावर अडू शकते. लग्नाच्या तबकडीला असा आकडा नसतो. पण घरी किंवा स्टुडिओत भरलेली तबकडी काही यंत्रे घेतच नाहीत.

तेव्हा तबकडी सोबत न्या. दुकानात लावून पाहा. चित्र दिसले, आवाज आला, की मगच पैसे मोजा. यंत्राची तार आपल्या टीव्हीला बसते का, तेही विचारा. आणि तबकडीची एक नक्कल करून ठेवा. यंत्र दुसरे मिळेल, लग्नाचा दिवस पुन्हा मिळायचा नाही.

सांगा पाहू :
१. डीव्हीडीच्या यंत्रावर कोणती तबकडी चालत नाही?
२. दुकानात जाताना सोबत काय न्याल?