पिसांचे राजवस्त्र

हवाई बेटांवर सुटीसाठी येणारे बहुतेक प्रवासी समुद्राच्या ओढीने येतात. थोडे जण मात्र किनारा मागे टाकून होनोलुलू शहरातील बिशप संग्रहालयाची वाट धरतात. राजकन्या बर्नीस पौआही हिच्या स्मरणार्थ तिचे पती चार्ल्स बिशप यांनी ते १८८९ साली स्थापिले.

तीन मजली दालनात पाऊल टाकताच दृष्टी वर जाते. तेथे एक प्रचंड देवमासा टांगलेला आहे. त्याच्या एका अंगाला नुसती हाडे दिसतात, तर दुसरे अंग कागदाच्या लगद्याने मढविले आहे. मुले साहजिकच तेथे रेंगाळतात.

परंतु येथील खरे नवल म्हणजे पिसांची प्रावरणे. नित्याच्या वापरासाठी हवाईचे लोक झाडाची अंतरसाल कुटून कापड करीत. राजेसरदारांचे मानाचे वस्त्र मात्र पिसांचे असे. वनस्पतींच्या तंतूंची बारीक जाळी विणून तिच्यावर पिसांचे लहान लहान झुबके बांधीत. मामो नावाचा पक्षी जवळजवळ सगळा काळा. पिवळी पिसे त्याच्या अंगावर थोडीच. मग एका वस्त्रासाठी किती पक्षी धरावे लागत असतील! आज मामो पक्षी पृथ्वीवर उरलेला नाही. त्याची पिसे तेवढी राहिली आहेत.

अशाच एका लाल-पिवळ्या प्रावरणाची कथा मोठी विलक्षण आहे. १७७९ च्या जानेवारीत राजा कालानिओपुउ याने इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक याचे स्वागत केले. त्या वेळी त्याने स्वतःच्या अंगावरचे प्रावरण उतरवून पाहुण्याच्या खांद्यांवर घातले व पिसांचे शिरस्त्राणही दिले. तीन आठवडेही लोटले नाहीत तोच बेटवासीयांशी झालेल्या झटापटीत कुक मारला गेला. ती भेट मात्र जहाजातून इंग्लंडला गेली आणि १९१२ साली न्यूझीलंडच्या संग्रहालयात पोहोचली.

न्यूझीलंडचे माओरी आणि हवाईचे लोक हे दोघेही पॉलिनेशियन. प्रेमाला हवाईत 'अलोहा' म्हणतात, तर माओरी भाषेत 'अरोहा'. त्यामुळे ते वस्त्र परदेशात असले, तरी अगदी परक्यांच्या घरी नव्हते. २०१६ साली, म्हणजे २३७ वर्षांनी, ते प्रावरण व शिरस्त्राण होनोलुलूस परत आले. प्रथम ती केवळ दीर्घ मुदतीची उसनवारी होती. २०२० साली मात्र न्यूझीलंडच्या संग्रहालयाने दोन्ही वस्तू हवाईला कायमच्या देऊन टाकल्या.