सरोवर गुलाबी का झाले?

बुलढाणा जिल्ह्यात लोणार येथे काळ्या पाषाणात कोरल्यासारखे एक विशाल वर्तुळाकार विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. फार प्राचीन काळी आकाशातून आलेला एक अशनी येथे आदळला आणि त्या आघाताने हे विवर निर्माण झाले. विवराच्या तळाशी सरोवर आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही या सरोवराचे पाणी खारट असून त्यात सोड्यासारखे क्षार विपुल आहेत. भगवान विष्णूने येथे लवणासुराचा वध केला, अशी कथा या प्रदेशात सांगितली जाते.

सरोवराचे पाणी एरवी हिरवट दिसते. तो रंग पाण्यात राहणाऱ्या नीलहरित सूक्ष्मजीवांचा होय. परंतु २०२० च्या जून महिन्यात एक नवल घडले. हिरवट पाणी बघता बघता गुलाबी झाले! लोक नाना तर्क करू लागले. हा बदल निसर्गाचा, की माणसाच्या हातून काही विपरीत घडल्याचा? या प्रश्नाचे उत्तर मिळणे अगत्याचे होते. पाण्यात विषारी द्रव्य मिसळले असेल, तर ते तत्काळ थांबवायला हवे. आणि बदल नैसर्गिक असेल, तर उगाच उपाय करण्याने सरोवराचे अहितच व्हायचे.

या सरोवराच्या रक्षणाविषयी एक याचिका त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालू होती. न्यायालयाच्या आदेशाने पाण्याची तपासणी सुरू झाली. वनविभागाने पाण्याचे नमुने पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि नागपूरची नीरी ही संस्था यांच्याकडे पाठविले.

प्रथम संशय आला तो एका शैवलावर. अतिशय खाऱ्या पाण्यात वाढणारे ड्युनालिएला नावाचे शैवल प्रखर उन्हात तांबूस होते. पण केवळ रंगावरून जीव ओळखता येत नाही. समुद्रातील प्राणी काचेच्या पेटीत पाळणाऱ्यांना याचा प्रत्यय नित्य येतो. समुद्रातून आणलेल्या खडकाच्या छिद्रांत दडून कितीतरी अनाहूत जीव त्या पेटीत शिरतात. त्यांत अंगभर काटे असलेला एक कृमी असतो. तो भयंकर दिसतो, परंतु बहुधा उरलेसुरले अन्न खाऊन पेटी स्वच्छ ठेवतो. उलट, फुलासारखा दिसणारा एक लहानसा तपकिरी प्राणी झपाट्याने वाढतो आणि शेजारच्या पोवळ्यांना दंश करतो. देखण्यास मित्र आणि कुरूपास शत्रू मानणारा येथे हमखास फसतो.

म्हणूनच संशोधक बाह्य रूपावर विसंबत नाहीत. ड्युनालिएलाची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिच्यात केंद्रक आढळते आणि पोहण्यासाठी तिला चाबकासारखे दोन तंतू असतात. लोणारच्या पाण्याच्या तपासणीत मात्र निराळेच जीव आढळले. ते आकाराने पुष्कळ लहान होते आणि त्यांच्या पेशींत केंद्रक नव्हते. ते होते हॅलोआर्किया, म्हणजे मिठाची आवड असलेले आदिजीव. ज्या खारटपणात इतर बहुतेक जीव तग धरू शकत नाहीत, त्यातच हे सुखाने वाढतात. गोड्या पाण्यात मात्र त्यांतील पुष्कळांच्या पेशी फुटून जातात. पाण्याचा नमुना स्थिर ठेवला असता हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातील जीवांचा होता!

आर्किया हा जीवसृष्टीतील एक स्वतंत्र गट आहे, हे अमेरिकेतील कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वी या जीवांची गणना जिवाणूंतच होत असे.

मग हे जीव त्याच वर्षी एवढे का वाढले? पाऊस नव्हता, ऊन कडक होते आणि माणसांची वर्दळही कमी होती. पाण्याची वाफ होत गेली आणि मागे राहिलेले पाणी अधिकाधिक खारट झाले. हॅलोआर्कियांना अनुकूल अशी ही स्थिती होती. त्यांच्या अंगचे रंगद्रव्य गाजराच्या रंगद्रव्याच्याच कुळातले आहे. मिठागरांच्या दाट पाण्याला येणारी तांबूस छटाही बहुधा अशाच जीवांमुळे येते. रोहित पक्ष्यांच्या पिसांचा गुलाबी रंगदेखील त्यांच्या अन्नातील याच कुळाच्या द्रव्यांपासून आलेला असतो.

याचा अर्थ सरोवराची चिंता करण्याचे कारण नाही, असा मात्र नव्हे. त्याचा खारटपणा ही या जीवांची जीवनरेखा आहे. सांडपाणी त्यात शिरले, तर जे जीव आपण नुकतेच ओळखू लागलो आहोत, ते कायमचे नाहीसे होतील. २०२० मध्येच लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर सूचीत स्थान मिळाले. ज्याचे रक्षण करायचे, त्याची आधी नीट ओळख करून घेतली पाहिजे. तेवढा धीर माणसाने ठेवला, तर निसर्ग आपली गुपिते त्याच्यापुढे उघडी करतो.

स्वाध्याय

१. पाण्याचा रंग का बदलला, हे शोधणे अगत्याचे का होते?
२. ड्युनालिएला आणि हॅलोआर्किया यांतील दोन भेद सांगा.
३. ‘रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातील जीवांचा होता’ हे कशावरून सिद्ध झाले?
४. तुमच्या गावातील तळ्याचे वा विहिरीचे पाणी ऋतूंप्रमाणे कसे बदलते, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.