जुन्या मोटारीतील क्लच व गिअरबॉक्स यांच्या दोषांची पारख

पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळे होऊन त्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्र्याच्या या पट्ट्यात एखाद्या घराने अ‍ॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी जीप अद्यापि जपून ठेवलेली असते. अ‍ॅम्बॅसेडरची निर्मिती २०१४ साली थांबली; पद्मिनी तर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सी-व्यवसायातूनही निवृत्त झाली. अशा गाडीचे सुटे भाग सहजासहजी मिळत नाहीत. गिअर अडू लागताच गिअरबॉक्स उतरविण्याची घाई केली जाते. परंतु दोष क्लचचा, आणि तोही केवळ जुळवणीचा असू शकतो. त्यामुळे गाडी मिस्त्रीच्या हवाली करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे मालकाने स्वतः पाहणे हिताचे ठरते.

इंजिनाच्या फ्लायव्हीलवर घर्षण-अस्तर असलेली क्लच-प्लेट प्रेशर-प्लेटच्या दाबाने घट्ट धरलेली असते. पेडल दाबले की हा दाब सुटतो, इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो आणि गिअर बदलता येतो. पकड अपुरी पडणे आणि पकड पूर्ण न सुटणे हे दोन दोष परस्परविरुद्ध आहेत. त्यांची गल्लत झाल्यास उपायही उलटा होतो.

पकड अपुरी पडल्याची खूण चढावर दिसते. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानी घाटात इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडीचा वेग वाढत नाही आणि जळका वास येतो. याची खात्री सपाट, मोकळ्या जागी करावी. गाडीसमोर कोणी उभे नसावे. हातब्रेक ओढून, चाकांना पुढून व मागून दगड लावून इंजिन चालू करावे, तिसरा गिअर टाकावा आणि पेडल हळूहळू सोडावे. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. ते चालतच राहिले तर प्लेट घसरत आहे. ही चाचणी एकदाच करावी; वारंवार केल्यास उरलेले अस्तरही जळेल. नंतर पेडलचा मोकळा खेळ मोजावा. हाताने पेडल दाबले असता प्रत्यक्ष जोर लागण्यापूर्वी ते साधारणपणे २० ते २५ मिलिमीटर सैल सरकले पाहिजे. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते. अस्तर झिजते तसा बहुतेक जुन्या गाड्यांत हा खेळ कमी होतो. तो उरला नसेल तर प्रथम जुळवणी करावी. जुळवणीनंतरही घसरण थांबली नाही, तर अस्तर संपले आहे किंवा इंजिनाच्या मागील सीलमधून तेल प्लेटवर येत आहे असे समजावे. पेडलवर सतत पाय टेकवून गाडी चालविण्याची सवय मात्र कोणत्याही जुळवणीने सुधारत नाही.

पकड पूर्ण सुटत नसेल तर रिव्हर्स गिअर टाकताना करकर होते. न्यूट्रलमध्ये पेडल पूर्ण दाबून दहा सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. तरीही करकर झाली तर क्लच सुटत नाही. याला जोडून आणखी एक सोपी परीक्षा आहे. इंजिन बंद असताना सर्व गिअर सहज पडतात आणि चालू असताना पडत नाहीत, तर दोष क्लचकडे. बंद असतानाही अडतात, तर दोष गिअरच्या दांड्यांत किंवा गिअरबॉक्समध्ये. ज्या गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो, त्यांत सांध्यांचे बुश झिजूनही गिअर अडतो. हे बुश गिअरबॉक्सच्या मानाने अल्प खर्चात बदलता येतात. क्लच तेलाच्या दाबावर चालत असेल आणि पेडल दोनतीनदा मारल्यावर काम सुधारत असेल, तर नळीत हवा शिरलेली असते किंवा सिलिंडरचे रबर गळके झालेले असते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेलीही आढळते.

आवाजावरून बरेच काही कळते. गाडी उभी, इंजिन चालू व गिअर न्यूट्रलमध्ये असताना येणारी घरघर पेडल दाबताच थांबली, तर गिअरबॉक्सच्या पुढील दांड्याचे बेअरिंग पाहावे. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर क्लचचे रिलीज बेअरिंग तपासावे. मागची चाके ओढणाऱ्या जुन्या चार-गिअरी गाडीत चौथ्या गिअरमध्ये शक्ती दंतचक्रांमधून न फिरता सरळ मागे जाते. म्हणून पहिल्या तीन गिअरमधील घरघर चौथ्यात नाहीशी झाली, तर खालच्या दांड्याची दंतचक्रे वा बेअरिंग झिजलेली असण्याचा संभव आहे. एकाच गिअरमध्ये आवाज येत असेल तर त्याच जोडीकडे पाहावे. गाडी सुरू होताना येणारा ‘खट्’ असा आवाज पुष्कळदा मागील शाफ्टच्या क्रॉस-जोडाचा असतो. त्यासाठी गिअरबॉक्स खोलू नये.

गिअर आपोआप निसटणे हा दोष गंभीर होय. संत्र्यांनी भरलेली जीप घाट उतरताना खालच्या गिअरमधील इंजिनाचा रोधच ब्रेकवरील भार हलका करतो. गिअर निसटला तर हा आधार क्षणात जातो, ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. अशी गाडी दुरुस्तीपर्यंत घाटात नेऊ नये. प्रथम गिअरबॉक्सचे माउंटिंग व गिअरचे दांडे तपासावेत. ते ठीक असतील तर आतील स्प्रिंग, फोर्क व हब झिजले आहेत असे मानावे.

गिअरबॉक्सच्या तेलाची पातळीही पाहावी. काढलेल्या तेलात बारीक पितळी चकाकी असेल तर सिंक्रो-रिंग झिजत आहेत. पोलादाचे तुकडे आढळले तर गाडी पुढे चालवू नये. नवे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच घालावे. अधिक दाबाची काही तेले जुन्या पितळी रिंगांना मानवत नाहीत.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर क्लच-प्लेट, प्रेशर-प्लेट व रिलीज बेअरिंग एकाच वेळी तपासून घ्यावीत, कारण पुन्हा उतरविण्याची मजुरी वेगळी पडते. जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यामुळे आतील धूळ फुंकून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. नवी प्लेट बसल्यावर अस्तर फ्लायव्हीलशी घासून जुळते आणि पेडलचा खेळ बदलू शकतो. म्हणून पहिल्या काही दिवसांनंतर तो पुन्हा मोजावा.