अभ्यासपाठ : नर मासा आजारी, तर बीज कोठून येणार?



आपल्या मदतीतून ज्या पाड्यांवर तळ्यात मासे वाढवले जातात, तेथील बचतगट पावसाळ्याच्या तोंडावर मत्स्यबीज विकत आणतात. बीज निरोगी असले, तर मासळीच्या पैशातून मुलांची वह्या-पुस्तके आणि घरचे औषधपाणी निघते. बीज दुबळे असले, तर मागे उरते ती फक्त उसनवारी. असे झाले की सगळे मादीला बोल लावतात, असे मी पाहते. म्हणून या पाठात नराचा विचार करू.

१. बीज कसे तयार होते?

रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे मासे. साचलेल्या तळ्यात ते सहसा आपण होऊन अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओडिशातील अंगुल येथे पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचे प्रजनन करून दाखवले. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. बीजकेंद्रात आजही टोचूनच प्रजनन होते. मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यांवर शुक्रद्रव सोडतो. शुक्राणू नराच्या शरीरात निश्चल असतात. पाणी लागताच ते पोहू लागतात, पण हे बळ जेमतेम मिनिटभर टिकते. तेवढ्यात अंडे गाठले नाही, तर ते फळत नाही.

२. जंतू काय करतो?

एरोमोनास हायड्रोफिला हा जीवाणू गोड्या पाण्यात नेहमीच असतो. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला रोखून धरतात. पण तळ्यात गर्दी झाली, प्राणवायू कमी पडला, गाळ कुजला किंवा जाळ्याने अंग खरचटले, की माशावर ताण येतो आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. ते दुहेरी नुकसान करते : पांढऱ्या पेशींना दुबळे करते आणि वृषणात तयार होणारी नर-संप्रेरकेही घटवते. त्यातच प्रजननकाळात नराची रोगप्रतिकारशक्ती बहुधा कमी झालेली असते.

मग जंतू आत शिरतो. लाल चट्टे, व्रण, झडलेले पर, फुगलेले पोट ही त्याची लक्षणे. संसर्ग वृषणापर्यंत पोहोचून सूज आली, तर शुक्राणू कमी होतात आणि त्यांची चाल मंदावते. असा नर कदाचित मरणार नाही, पण अंडी मात्र वाया जातात.

३. आपण काय करावे?

- प्रजनक मासे विरळ ठेवावेत, हळुवार हाताळावेत.
- नवे मासे काही दिवस वेगळे ठेवून मगच तळ्यात सोडावेत.
- गाळ काढावा. चुन्याचे प्रमाण मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांना विचारावे.
- दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रतिजैविके टाकू नयेत. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांना मत्स्यपालनात बंदी आहे.
- बीज घेताना मादीबरोबर नरांचीही प्रकृती विचारावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. मासा जिवंत असूनही बीज का बुडते?
२. आपल्या तळ्यात माशांवर ताण आणणारी कोणती कारणे आहेत? त्यांतले एक या महिन्यात कसे दूर कराल?